मदारबीचं नाव

गावाचं नाव सांगत नाही. बेंबळीच्या पुढं ओढा ओलांडला की लागतं, एवढं बास झालं. नाव सांगून काय होतं आणि नाव लपवून काय होतं, तेच तर इथं सांगायचंय.

त्या गावात हरणाबाई राहते. वय ब्याऐंशीच्या पुढं. तोंडात दात दोन, पण जीभ अशी की सरपंचसुद्धा तिच्या ओट्यापुढून जाताना मोटारसायकलचा भोंगा वाजवत नाही. एकदा वाजवला होता, तर म्हातारी म्हणाली, तुझं नाक ह्या पदरानं पुसलंय, मला कशाला भोंगा ऐकवतो. नवरा ज्ञानोबा जाऊन बारा वर्षं झाली. घरात मुलगा योगीराज, सून दैवशाला आणि लग्नाला आलेली नात निकिता. शेतात तूर-सोयाबीन, दारात दोन म्हशी, खाऊनपिऊन सुखी घर. अशा घरातल्या म्हातारीनं नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या आणि एखाद्या दुपारी वाकळेवर पडल्या पडल्या डोळे मिटायचे. तेवढंही तिला सरळ मिळालं नाही.

या घराला पिराचा मान आहे. गावात मुसलमानाचं घर औषधालाही नाही, पण मोहरम आला की पीर बसतात ते हरणाबाईच्या सोप्यात. पितळेचे पंजे वर्षभर देवघरात खंडोबाच्या शेजारी हिरव्या फडक्यात बांधून ठेवलेले असतात. मराठवाड्यात अशी गावं काय कमी आहेत? हलगी वाजते, पंज्यांची सवारी उठते, लोक नवस फेडतात, पोरंसोरं फकीर होतात. मलिदा करायचा तो हरणाबाईनंच. गव्हाच्या जाड पोळ्या हातानं कुस्करायच्या, गूळ-तूप घालून मळायचं. सुनेला ती परातीला हातसुद्धा लावू देत नाही. मग सवारी मारुतीला जाते, वेशीला जाते आणि शेवटी गावाच्या कडेला एक बुजवलेली विहीर आहे, तिच्यापाशी तीनदा वाकते. विहिरीपाशी का वाकते? तर गोरोबांनी तशी रीत घालून दिली म्हणून. गोरोबा म्हणजे ज्ञानोबाचे वडील, हरणाबाईचे सासरे आणि मामासुद्धा. त्यांच्या स्वप्नात पीर आला, मला तुझ्या घरी ने म्हणाला, म्हणून मान त्यांच्याकडं आला. झालं. गावाला एवढं कारण पुरतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

तो विचारायला आले गुरुलिंग मास्तर.

मास्तर कळंबचे. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि मग त्यांना वाटायला लागलं की आपण शिकवला तो अर्धाच होता. रझाकारीवर पुस्तकं ढिगानं. त्यात सत्याग्रही आहेत, सरहद्दीवरचे कॅम्प आहेत, हुतात्मे आहेत. बायका कुठं आहेत? आणि पोलिस ॲक्शन झाल्यावर पुढच्या आठ-पंधरा दिवसांत खेड्यापाड्यांत जे झालं, ते कुठं आहे? ते कुणी लिहीत नाही, म्हणून आपण लिहायचं. विचार चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. चांगल्या विचारानं माणूस मेला की त्याला खून म्हणत नाहीत, एवढंच.

पाच वर्षं मास्तर एसटीनं गावोगाव हिंडले. या गावातही आले. लोकांनी त्यांना दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, सांगतात तेच सांगितलं. श्रावणात रझाकार कसे आले, कडब्याच्या गंजी कशा पेटवल्या, वेशीपाशी तिघांना कसं उभं करून गोळ्या घातल्या. त्या तिघांत गोरोबांचा धाकटा भाऊ होता. यातलं काहीसुद्धा खोटं नव्हतं. मास्तरांनी सगळं उतरवून घेतलं, चहा घेतला आणि निघता निघता ते हरणाबाईच्या सोप्यात डोकावले, कारण मोहरमची नववी होती आणि म्हातारी मलिदा मळत होती. उगाच बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, की मावशी, सवारी त्या बुजलेल्या विहिरीपाशी का वाकते, कोण आहे त्या विहिरीत?

हरणाबाईचा हात परातीतच थांबला. मास्तरांकडं न बघता ती म्हणाली, "धा दिवसांनी या. घरात कुणी नसताना."

दहा दिवसांनी योगीराज आणि दैवशाला शेतात होते, निकिता कॉलेजला गेली होती. मास्तर आले आणि हरणाबाई बोलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलली, आणि गहू निवडत निवडत बोलली, त्यामुळं मास्तरांना आधी कळलंच नाही की ही दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःची गोष्ट सांगतेय.

ती सहा वर्षांची होती. तिचा बाप पिराची दिवाबत्ती करायचा. त्या वेळी गावात मुसलमानांची चार घरं होती, त्यातलं एक तिचं. श्रावणात रझाकार आले तेव्हा पिराच्या जागेवर टेकले आणि बापानं त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली. बंदूकवाला भाकर मागतो तेव्हा नाही म्हणणारा माणूस कुणी बघितलाय? पण लोकांनी ते ध्यानात ठेवलं. भादव्यात फौज आली, निजाम पडला, आणि चार दिवसांनी टोळी आली. आजूबाजूच्या गावांतली माणसं होती आणि या गावातलीही होती. बाप्यांना खळ्यावर नेलं, परत कुणी आलं नाही. आईनं कडेवर धाकटा भाऊ घेतला, हिचा हात धरला आणि विहिरीकडं पळत सुटली. काठावर पोचल्यावर तिनं हिचा हात सोडला आणि म्हणाली, "जा, गोरोबामामा के घर जा. पीछे मत देख." हिनं मागं वळून बघितलंच.

गोरोबांच्या बायकोनं पोरीला ज्वारीच्या कणगीत ठेवलं. तीन दिवस. गोरोबांच्या भावाची राख अजून थंड झाली नव्हती. बदला घ्यायचा तर पहिला हक्क त्यांचा होता. पण ते कुऱ्हाड घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, घरात माझ्या बहिणीची पोर आहे, दुसरं कुणी नाही. त्यांची बहीण नागूबाई कळंबकडं दिलेली, ती मूलबाळ न होताच वारली होती. तिच्या नावावर ही पोर चढली, हरणा झाली. वयात आल्यावर हिला द्यायचं कुठं? कुळी विचारतील, सोयरे विचारतील. म्हणून गोरोबांनी तिला आपल्याच ज्ञानोबाला करून घेतली. भाची सून करून आणली तर कोण काय विचारतंय? ज्यांना खरं माहीत होतं त्या म्हाताऱ्यांनी ते गिळलं. काहींना तोंड उघडायला जागाच नव्हती, कारण खळ्यावर तेही होते. एकेक करून सगळे मेले. विहीर गोरोबांनी स्वतः बुजवली.

सांगून झालं आणि मास्तर रडायला लागले. हरणाबाई रडली नाही. तिला एकच पाहिजे होतं.

"मास्तर, माझं नाव घालू नका. लेकराबाळांचं घर हाय. पर तिचं नाव घाला. मदारबी. वेशीतल्या दगडावर तीन नावं हायती, दर वरसाला त्यांना हार पडतो. पडावा, त्यात काय न्हाय. पर माझ्या मायचं नाव ह्या तोंडातनं बी कंदी भाईर आलं न्हाय. पुस्तकात तरी येऊ द्या."

मास्तरांनी सदऱ्यात हात घातला, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि शपथ घेतली, मावशी, तुमचं नाव येणार नाही आणि आईचं आल्याशिवाय राहणार नाही. लिंगायत माणूस याच्यापुढं काय देणार?

ते वर्ष हरणाबाईचं मजेत गेलं, असं म्हणायला हरकत नाही. ती थट्टा जास्त करायला लागली. निकिताला म्हणायची, पुस्तक यायचंय, आलं की मला वाचून दाखव. कसलं पुस्तक विचारलं की म्हणायची, जुन्या काळचं. त्यातच निकिताचं जमलं. सास्तूरकडचं स्थळ, पोरगा बँकेत, माणसं वजनदार. साखरपुडा झाला, दिवाळीनंतरची तारीख निघाली.

आणि सतरा सप्टेंबरला कळंबला पुस्तक निघालं.

आता मास्तरांनी काय केलं ते ऐका. माणूस शब्दाचा पक्का, आणि सावध. त्यांनी हरणाबाईचं नाव बदललं. गावाचं नाव बदललं. गोरोबांचं बदललं. शेवटच्या फेरीत, छापायला देताना, त्यांना वाटलं की मदारबी हे नाव जुन्या कागदांत कुठं सापडलं तर म्हातारीचा माग लागेल, म्हणून त्यांनी तेही काढलं आणि तिथं "ती अभागी माता" असं घातलं. एवढं सगळं केलं आणि सवारी बुजलेल्या विहिरीपाशी तीनदा वाकते, मलिदा एकच म्हातारी मळते, भाची सून करून घेतली, हे जसंच्या तसं ठेवलं. त्याशिवाय गोष्टीला काय अर्थ, असं त्यांना वाटलं. बत्तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस तो. त्याला वाटतं, माणूस म्हणजे त्याचं नाव. अरे, खेड्यात नाव कोण बघतं? माणूस ओळखतात ते कुणाच्या घरी कसला मान आहे, कुणाचा बांध कुठं आहे, कोण कुणाची भाची, यावरून. सगळ्या तालुक्यात विहिरीपाशी वाकणारी सवारी एक. मास्तरांनी दाराला कुलूप घातलं आणि भिंत पाडून ठेवली.

कार्यक्रमात कुणीतरी ते पान मोबाईलवर काढलं आणि संध्याकाळच्या आत ते गावच्या ग्रुपवर आलं. खाली पहिल्या माणसानं लिहिलं होतं, ही आपली हरणाआज्जी का? त्याच्याखाली पन्नास जणांनी हसायची चित्रं टाकली.

योगीराज घरी आला तो पुस्तक हातात घेऊनच. मास्तरांनी मोठ्या मानानं प्रत पाठवली होती. तो चिडला होता तो लोकांवर, आईवर नाही. खोटंनाटं छापणाऱ्याचे दात पाडीन म्हणत आला होता. त्याला आईच्या तोंडून फक्त एक "न्हाय" पाहिजे होतं. दैवशाला चुलीपुढून उठून उंबऱ्यात आली. योगीराजनं विचारलं, "माय, ह्यातली बाई कोण?"

हरणाबाईनं नाही म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. गोरोबांचं स्वप्न अजून जागेवर होतं, खरं सांगणारा एकही म्हातारा जिवंत नव्हता, आणि तिच्या जिभेपुढं गाव दोन दिवसांत गप झालं असतं. पण तिनं प्रश्न ऐकलाच नाही. तिला फक्त पुस्तक दिसलं. तिनं ते योगीराजच्या हातातून ओढून घेतलं, तिला वाचता येत नाही म्हणून तिथंच बसलेल्या निकिताच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बघ गं, मदारबी लिवलंय का कुठं?"

निकितानं पानं उलटली. बावीस पानांचं प्रकरण होतं. अभागी माता सात ठिकाणी होती.

"न्हाय, आज्जी."

"नीट बघ. मदारबी."

निकितानं पुन्हा पहिल्यापासून बघितलं, ओळीवर बोट ठेवून. वाचता वाचता तिला काय ते सगळं कळत गेलं. "न्हाय," ती म्हणाली. तोवर योगीराज भिंतीला टेकून खाली बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाईची ताटली आणि तांब्या ओट्यावर आला. आत्याबाई, तुम्ही हवेशीर बसा, असं दैवशाला म्हणाली. तीस वर्षं त्या हातचं खाऊन तिची बाळंतपणं निघाली होती, आणि एका रात्रीत त्या हाताला विटाळ लागला. सास्तूरहून निरोप आला की लग्नाचं सध्या थांबवा. गावातले मोठे शिवप्पा, त्यांनी पारावर चार माणसं बसवली, आणि ठरलं की उलगडा होईपर्यंत पंजे त्या घरात ठेवायचे नाहीत. मुसलमानाच्या हातचा मलिदा पिराला चालायचा नाही, असं लोक म्हणाले. हसू नका. असंच म्हणाले, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

योगीराज कळंबला गेला आणि त्यानं मास्तरांची गचांडी धरली. मास्तरांनी हात जोडले. चार दिवसांनी जिल्ह्याच्या पेपरात त्यांचं पत्र आलं, की सदर प्रकरण संपूर्ण काल्पनिक असून कोणत्याही व्यक्तीशी वा गावाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे आधी मदारबीचं नाव गेलं होतं, आता ती झालीच नव्हती असं ठरलं. म्हातारीला वाचवायलाच लिहिलं म्हणतात. पुढच्या महिन्यात लातुरात त्याच पुस्तकाबद्दल मास्तरांना शाल-श्रीफळ मिळालं. इतिहासाची दुर्लक्षित बाजू धाडसानं मांडली म्हणून.

सास्तूरकरांनी पेपर बघितला. कागद काय, ते म्हणाले, आज असा येतो, उद्या तसा. म्हातारीनं मारुतीपुढं बेल-भंडार उचलून सांगू दे की ती कुणाची लेक आहे. मग आमचं काही म्हणणं नाही.

योगीराजनं आईच्या पायावर डोकं ठेवलं. हा जुना रिवाज आहे, हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन खोटं बोललेलं माणूस निर्वंश होतं म्हणतात. ते त्यालाही माहीत होतं. तरी म्हणाला, माय, पोरीसाठी एवढं कर. हरणाबाई दोन दिवस जेवली नाही. ओट्यावरची ताटली कुत्र्यानं चाटली.

निकिता तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, आज्जी, तू असलं काही बोलू नको, मला हे लग्नच नको. पोरगी मनापासून बोलत होती, तिला खरंच वाईट वाटत होतं. पण वय एकवीस. हरणाबाईला माहीत होतं, ज्या पोरीला कुणी मागणी घालू शकत नाही तिचं काय होतं. तिच्या वेळी दारात कुऱ्हाड घेऊन उभा राहायला गोरोबा होते. निकितासाठी कोण उभं राहणार होतं? योगीराज? तो तर आईच्या पायावर पडला होता.

शनिवारी सकाळी पारावर गाव जमलं. सास्तूरची सहा माणसं खुर्च्यांवर, बाकीचे उभे. हरणाबाई काठी टेकत आली. शिवप्पांनी तिच्या ओंजळीत बेल ठेवला, त्यावर भंडारा टाकला आणि मारुतीकडं तोंड करायला सांगितलं. भंडारा बोटांतून पायावर सांडत होता.

"सांगा हरणाबाई, तुमी कुणाच्या लेक?"

"म्या नागूबाईची लेक," ती म्हणाली. "गोरोबाची भाची. माझी माय कळंबकडं वारली."

बस्स, सुटलं. लोकांनी श्वास सोडला. सास्तूरचे पाहुणे उठायला लागले, तेवढ्यात त्यांच्यातला एक जण मोबाईल हातात धरून म्हणाला, की जरा थांबा, आवाज नीट आला नाही, आजींना परत एकदा मोठ्यानं बोलायला सांगा, घरी बायकांना दाखवायचंय. शिवप्पांनी सांडलेला भंडारा पुन्हा ओंजळीत भरला. हरणाबाई पुन्हा बोलली. पहिल्यापेक्षा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, "माझी माय नागूबाई. दुसरी कुणी न्हाय." तो तुकडा अजून ग्रुपवर आहे. फार स्वच्छ ऐकू येतं.

मग पारावर चहा झाला. पाहुण्यांनी तारीख पक्की केली. योगीराज सगळ्यांच्या पाया पडत होता. पंजे संध्याकाळी वाजतगाजत घरी येतील, असं शिवप्पांनी जाहीर केलं. दैवशाला लगबगीनं पुढं झाली आणि आत्याबाई, घरात चला, उन्हात बसू नका, म्हणाली.

हरणाबाईला घरी न्यायला निकिता तिच्या बाजूनं चालत होती. बोळात दोघीच होत्या. म्हातारीचे हात अजून पिवळे होते आणि ती ते पदराला पुसत होती, पुसत होती. निकिताला राहवलं नाही. आपण तरी आहोत, आपल्याला तरी माहीत आहे, एवढं तिला आजीला कळवायचं होतं. ती थांबली, आजीच्या कानाला लागली आणि हळूच म्हणाली, "मदारबी."

हरणाबाईनं झटका देऊन हात सोडवला. नातीकडं असं बघितलं की पोरगी दोन पावलं मागं सरली.

"कोण मदारबी?" ती म्हणाली. "आपल्यात असलं नाव न्हाय."

आणि काठी टेकत एकटीच पुढं गेली.